स्वागताध्यक्षीय भाषण: निजामाची शस्त्रखरेदी आणि दिल्लीचे राजकारण

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबाद संस्थानाचा निजाम आणि भारत सरकार यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या बाबतींत ब्रिटिश अमदानीतली व्यवस्थाच चालू राहायची होती. परदेशातून परस्पर शस्त्रे आणणे त्यात बसत नव्हते. तरीही संस्थानचे सेनापती एल इद्रूस खरेदीसाठी युरोपात हिंडले. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, म्हणून पोर्तुगिजांकडून गोव्याचे मुरगाव बंदर मिळवण्याचीही खटपट झाली.

परभणी तेव्हा याच संस्थानातला जिल्हा होता. येथे जमलेल्या इतिहास अभ्यासकांच्या स्वागताला म्हणूनच हा विषय साजेसा. निजामाच्या लेखी इथले स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते बंडखोर होते, तर दिल्लीच्या लेखी करार मोडणारे खुद्द निजाम सरकार.

हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नाही, ही दिल्लीची भूमिका होती आणि कोणत्याही देशाने तशी मान्यता दिली नाही. त्यामुळे उजळ माथ्याने सौदा होईना. उरला चोरटा मार्ग. १९४८च्या उन्हाळ्यापासून सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची लँकेस्ट्रियन विमाने (लँकेस्टर बाँबफेकी विमानाचा हा मुलकी अवतार) शस्त्रे भरून रात्री कराचीहून निघत आणि बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. भारताने ब्रिटनकडे तक्रारी केल्या. पुढे कॉटनवर तिथे खटला चालला, त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड झाला २०० पौंड! निषेधखलित्यांनी विमाने थांबली नाहीत, हे मान्यच करावे लागते. मात्र त्या मार्गाने रणगाडे किंवा जड तोफा येणे शक्य नव्हते.

२१ ऑगस्टला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. सुनावणी १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये झाली, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस उलटले होते. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली.

त्याच धामधुमीत निजामाचे सुमारे १० लाख पौंड लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळते झाले. ही रक्कम पुरवलेल्या शस्त्रांपोटी होती, असा युक्तिवाद पाकिस्तानने अलीकडच्या दाव्यात केला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि व्याजासह साडेतीन कोटी पौंडांपर्यंत वाढलेल्या त्या रकमेवर निजामाचे वारस व भारत यांचा हक्क मान्य केला.