लोगोवर अडकलेला फोन

निपाणीपासून बेळगावच्या खडेबाजारापर्यंत कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, एक तक्रार हमखास कानावर पडेल: "रात्री अपडेटला लावला, सकाळी बघतोय तर फोन डेड." त्यावर काउंटरवरून उत्तर येतं, "सॉफ्टवेअर मारावं लागेल," म्हणजे नव्यानं चढवावं लागेल. आज मला बोलायचंय ते या तक्रारीच्या आणि उत्तराच्या मधल्या दोन मिनिटांबद्दल. फोन पुष्कळदा वाचतो. त्यातलं सामान या दोन मिनिटांच्या घाईत जातं.

फोन चालू होतो, कंपनीचं नाव दिसतं आणि तिथंच गोल फिरत राहतं, अशा वेळी आशा भरपूर असते. वरची प्रणाली बिघडलेली असते, पण तिला सुरू करणारा बूटलोडर शाबूत असतो. पडदा पूर्ण काळा असेल, थरथरही नसेल, तरी लगेच हाय खाऊ नका. प्रोसेसरमधला अगदी पहिला प्रोग्रॅम चिप तयार होतानाच तिच्यात कोरलेला असतो; कुठलंही अपडेट तो पुसू शकत नाही. केबल लावल्यावर संगणकाला फोनची चाहूल लागली, तर जाणत्या कारागिराला बहुधा तिथून आत शिरता येतं.

मग कायमचा जातो तो कुठला? ज्याची मेमरी चिपच खराब झाली, किंवा बोर्डावरचा सांधा सुटला. एलजी जी४ हे फोन सारखे बंद-चालू होत राहायचे. सगळ्यांना सॉफ्टवेअरचा दोष वाटायचा. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं मान्य केलं की आतल्या भागांची जोडणी सैल पडते आहे. तिथं सॉफ्टवेअर मारून उपयोग नव्हता. आणखी एक धोका जुन्या आवृत्तीचा. काही फोनमध्ये सॉफ्टवेअरची जुनी फाइल चढवली की सुरक्षेची व्यवस्था तो सुरूच होऊ देत नाही. म्हणून मॉडेल आणि आवृत्ती न तपासता फाइल चढवणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते-येते. काम लॅपटॉपवर किंवा यूपीएसवर चाललंय ना, हेही विचारा. अर्धवट लिहिलेली फाइल बरा होणारा फोनही आडवा करते.

आता सामानाचं. ऊसबिलाच्या पावत्या, मुलांचे दाखले, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळं आज फोनमध्ये असतं. हल्लीच्या फोनमध्ये ही माहिती कुलूपबंद असते आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. मेमरी चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी फोटो मिळत नाहीत. तेव्हा आधी स्पष्ट सांगा, "मला डेटा पाहिजे." डेटा राखून सॉफ्टवेअर टाकता येतं का, हे विचारा. घरी प्रयत्न करायचा तर अर्धा तास चार्ज करा, मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण वीसेक सेकंद एकत्र दाबून धरा. समोर इंग्रजी यादी आली, तर 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रीसेट' याला हात लावू नका.

कंपनीच्याच अपडेटनं फोन बंद पडला असेल, तर आधी अधिकृत केंद्र गाठा, वॉरंटी संपलेली असली तरी. जानेवारी २०२१ मध्ये शाओमीच्या एमआय ए३ फोनवर अँड्रॉइड ११ चं अपडेट आलं आणि अनेकांचे फोन एकदम बंद पडले. कंपनीनं अपडेट थांबवलं आणि भारतात वॉरंटी न बघता फुकट दुरुस्ती देऊ केली. बाहेर उघडलेल्या फोनला अशी सवलत मिळणं कठीण. बिल कोल्हापूरचं आहे म्हणून बेळगावच्या केंद्रात जायला कचरू नका. भारतात विकलेल्या फोनची कंपनीची वॉरंटी साधारणपणे देशभर चालते.

फोन परत मिळाला की काउंटरवरच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पडद्यावर आलेला पंधरा आकडी आयएमईआय खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. जुळला नाही, तर फोन घेऊ नका आणि कारण लेखी मागा. हा क्रमांक बदलणं गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, सांगितलेलं आहे.