फाटके वस्त्र आणि फुगलेले पोट

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती विकृत वेष, विकृत आकार आणि विसंगत वागणे-बोलणे यांतून सांगितली आहे. हे लक्षण शब्दशः घेतले, तर रस्त्यावर राहणाऱ्या निर्धन माणसाइतका हास्यास्पद कोणी ठरणार नाही, कारण त्याच्या अंगावरचे कपडे दुसऱ्याच्या मापाचे असतात, पायांतल्या दोन वहाणा दोन जोडांतल्या असतात आणि इतर लोक जे चार भिंतींच्या आड उरकतात ते सारे त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत करावे लागते. अशी विसंगती रेषेने उघडी पाडणारे चित्र म्हणजे व्यंगचित्र. त्यातही एखाद्याच्या चेहऱ्याची किंवा शरीराची ठेवण मुद्दाम फुगवून काढली, की त्यास अर्कचित्र म्हणतात. तेव्हा बेघरपणा आणि तंगी यांच्यावर विनोद होऊ शकतो की नाही, यापेक्षा तो फुगवटा चित्रकार कोणाच्या अंगावर चढवतो, हाच खरा प्रश्न आहे.

विदर्भात या प्रश्नाचे उत्तर छापखान्याच्या बाहेर, सणाच्या गर्दीत सापडते. श्रावण अमावास्येला पोळा भरतो, बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि शेतकरी झडत्या म्हणतात; झडती म्हणजे यमकात बांधलेली, बहुधा तोंडी चालत आलेली आणि ऐनवेळी नवी भर पडणारी उक्ती, जिच्यात महादेव-पार्वतीच्या नमनाबरोबर सावकार, पुढारी, कापसाचा भाव आणि शेजाऱ्याचा कंजूषपणा हे सारे एकाच दमात निघते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून काढली जाते, असे सांगितले जाते. रोगराई आणि पीडा आपल्याबरोबर गावाबाहेर नेणाऱ्या या स्त्रीरूपी पुतळ्यांसोबत बडगे असतात. बडग्या हा बांबू, कागद आणि चिंध्यांचा पुरुषी पुतळा; त्याच्या गळ्यात त्या-त्या वर्षीच्या दुखण्याचा फलक असतो, मग ते दुखणे महागाईचे असो, बेकारीचे असो वा भ्रष्टाचाराचे. वर्तमानपत्रातील चौकटीला हात-पाय फुटून ती रस्त्यावर उतरावी, तसा हा प्रकार आहे, आणि त्याचा विशेष असा की येथे पिचलेल्या माणसाचा बडग्या होत नाही. त्याला पिचवणाऱ्याचा होतो. विकृती जागा बदलते, ती फाटक्या सदऱ्यावरून उठून फुगलेल्या पोटावर जाऊन बसते.

छापील मराठी हास्यचित्राने ही जागा मात्र नेहमीच राखली, असे म्हणता येत नाही. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, नव्या भाडेकरूंसाठी खोल्या दुर्मीळ झाल्या आणि पागडी, म्हणजे खोलीचा ताबा मिळवण्यासाठी भाड्याखेरीज मोजावी लागणारी एकरकमी रक्कम, हा मध्यमवर्गीयांच्या तोंडचा शब्द झाला. दिवाळी अंकांच्या विनोदाला या जागेच्या टंचाईने मोठा माल पुरवला, आणि नवविवाहितांना न मिळणारा एकांत, पाहुण्यांनी भरलेली एकच खोली, चाळीचा जिना व तेथील भांडणे यांवर पिढ्यान्‌पिढ्या हसल्या. हे हसणे निकोप होते, कारण हसणारा आणि ज्याच्यावर हसायचे तो एकच होता. परंतु ज्यांच्या बाबतीत पागडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता, ते फुटपाथवरचे लोक या चित्रांत बहुधा पार्श्वभूमीला, दिव्याच्या खांबासारखे उभे राहिले.

त्यांना चित्राच्या मध्यभागी आणण्याचे काम ज्यांनी सातत्याने केले, त्यांत आर. के. लक्ष्मण यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये 1951 पासून त्यांचे चौकटीतील चित्र येऊ लागले, आणि चौकड्यांचा कोट व धोतर घातलेला, जवळजवळ कधीच न बोलणारा सामान्य माणूस वाचकांच्या घरचा झाला. त्यांच्या एका गाजलेल्या चित्रात अंतराळ-शास्त्रज्ञ चंद्रावर पाठवण्यास योग्य माणूस म्हणून याच सामान्य माणसाकडे बोट दाखवतात, कारण अन्न, पाणी, प्रकाश आणि निवारा यांवाचून जगण्याचा त्याला सराव असतो. विनोदाचे यंत्र येथे कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. शास्त्रज्ञांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे, त्यांनी काढलेला निष्कर्षही चुकीचा नाही. फक्त एका देशाची नामुष्की ते गुणवत्ता म्हणून नोंदवतात. माणसावर हसू येत नाही, त्याच्या प्रशस्तिपत्रावर येते.

वास्तव कधीकधी चित्रकाराला काही करायला ठेवत नाही. 1981 मध्ये मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवण्याची मोहीम सुरू झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 10 जुलै 1985 रोजी, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे मोठे तत्त्व त्या निकालाने मान्य केले. फुटपाथवर घर बांधण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही, आणि पावसाळा सरेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या पाडू नयेत अशी सवलत दिली. जगण्याचा हक्क कायमचा आणि छपराची मुदत दिवाळीच्या आसपासची, अशी ही मांडणी आहे. तिला व्यंगचित्राची रेषा जोडण्याची गरज आहे काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

बेघर माणूस नायक होऊ शकतो, हे चार्ली चॅप्लिनने जगाला दाखवले. त्याच्या भटक्याजवळ घर नाही, पण टोपी उचलून अभिवादन करण्याची रीत आहे, आणि त्या रीतीमुळेच त्याची ढगळ विजार चेष्टेचा विषय न होता आपल्या काळजीचा विषय होतो. 22 सप्टेंबर 1931 रोजी लंडनमध्ये चॅप्लिन गांधीजींना भेटला, तेव्हा बोलण्याचा विषय यंत्रे हाच होता. पुढे 1936 मध्ये ‘मॉडर्न टाइम्स’ हा यंत्राच्या दातेरी चक्रांत सापडलेल्या कामगाराचा चित्रपट आला, आणि त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, आजच्या सेवाग्रामात, राहायला आले.

तेथून नागपूरच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदी (रेल्वे) लागते. येथला तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तान्हा पोळा हा मुलांचा सण, लाकडी बैल घेऊन घरोघर जायचे आणि बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळवायचे. पण सिंदीत लाकडी बैल मुलाच्या हातात मावत नाहीत इतके वाढत गेले आहेत, त्यांना चाके लागतात आणि ओढायला माणसे लागतात. 2006 मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी-आत्महत्याग्रस्त म्हणून जे सहा जिल्हे मदतीसाठी निवडले, त्यांत सिंदीचा वर्धा जिल्हाही होता. गेल्या काही दशकांत गोठ्यांतील बैल कमी झाले आणि नांगराला ट्रॅक्टर आला; मिरवणुकीतील लाकडी बैल मात्र चारा मागत नाही, कर्जाला तारण जात नाही आणि बाजारात पडत्या भावाने विकावाही लागत नाही. ज्या घरची खरी जोडी विकली गेली आहे, त्या घरचा मुलगा मात्र मुठीएवढा बैल दोरीने ओढत दारोदार जातो, आणि दारातली माणसे त्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावून मुलाच्या हातावर नाणे ठेवतात.