गाडीलाही दम खाऊ द्या

धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात. त्यामुळे धुळ्याच्या आसपासचे ढाबे ही मला नेहमीच मोटारविद्येची शाळा वाटत आली आहे. पुस्तकात न सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे चहा पिता पिता कानावर पडतात. अशीच एक गोष्ट मी २०१२ च्या उन्हाळ्यात ऐकली, हसण्यावारी नेली, आणि दोन वर्षांनी तिची भरपूर किंमत मोजली. आज तीच सांगणार आहे.

लळिंगचा घाट ओलांडून आलेला कांद्याचा एक ट्रक ढाब्यावर थांबला. चालकाने हँडब्रेक ओढला, दार उघडलं, पण इंजिन बंद केलं नाही. दीड-दोन मिनिटं तो तसाच बसून राहिला. मी म्हटलं, ‘‘दादा, फुकट डिझेल का जाळता?’’ तो शिरपूरकडचा होता. हसून म्हणाला, ‘‘दादा, टर्बो शे ना! गाडीले बी जरासा दम खाऊ द्या.’’

त्या वेळी माझ्याकडेही टर्बोचीच गाडी होती. आदल्या वर्षी मी जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेतली होती. २००४ मध्ये भारतात आलेली, १.८ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची, दीडशे अश्वशक्तीची ही गाडी. ती जुळवली जायची आमच्या शेजारीच, अजिंठ्याचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या त्या वेळच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात. जळगावच्या रस्त्यावर ती उभी राहिली की पोरं काचेला नाक लावून मीटर किती आकड्यापर्यंत आहे ते बघायची. मग त्या ट्रकवाल्याचं मी कशाला ऐकणार? त्याची ती मालगाडी, माझी ही स्पोर्ट्स कार! पण मित्रहो, दोघांच्या बॉनेटखालचं तत्त्व एकच होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

हे तत्त्व समजायला सोपं आहे. इंजिनाला इंधन जाळायला हवा लागते. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच घेतं. टर्बोमध्ये एका दांड्याला दोन टोकांना दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे वाया जाणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आधी ती जहाजांच्या आणि मोठ्या डिझेल इंजिनांच्या कामी आली आणि पुष्कळ पुढे मोटारींत उतरली.

आता हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एका बाजूला आठशे-नऊशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मध्ये त्या दांड्याला तोलून धरतो तो ऑइलचा केसाएवढा पातळ थर. हे ऑइल इंजिनाचा पंप पुरवतो. म्हणजे जोरात आलेली गाडी थांबवून तुम्ही लगेच चावी फिरवलीत की ऑइल बंद, पण टर्बो मात्र तापलेला. आत अडकलेलं ऑइल जळतं आणि त्याची कढईच्या बुडाला धरते तशी काळी खरपूड होते. असं रोज झालं की ऑइलची वाट चोंदते आणि दांडा झिजतो. ट्रकवाला ‘दम खाऊ द्या’ म्हणत होता तो एवढ्यासाठी.

गावातल्या गावात भाजी आणायला गेलात तर थांबायची गरज नाही. मात्र महामार्गावरून किंवा घाटातून आलात तर शेवटचे एक-दोन किलोमीटर गाडी हलकी चालवा आणि मग अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवा. सकाळी याच्या उलट. गाडी सुरू केल्याबरोबर रेस करू नका. काट्यावर पाणी गरम दिसलं तरी ऑइल गरम व्हायला आणखी वेळ लागतो.

घरी करण्याजोगं पहिलं काम म्हणजे हे ऑइल. पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचंच घ्या. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यात धूळ. म्हणून मी कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच ऑइल आणि फिल्टर बदलतो. दर रविवारी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी पट्टी काढून पातळी बघतो. गाडीखाली शिरायचं तर जॅकच्या भरवशावर किंवा विटा रचून कधीही नाही, लोखंडी स्टँड हवेच. आणि काढलेलं काळं ऑइल गटारीत नाही, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे, तिथून ते गोळा करणारे नेतात.

दुसरं काम हवेचं. खान्देशातली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप जरी सैल राहिली तरी ती धूळ थेट लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्यावर आदळते. बाजारात ‘जास्त हवा देणारे’ जाळीचे फिल्टर मिळतात. आपल्या धुळीत मला साधा कागदी फिल्टरच बरा वाटतो. तो वेळेवर बदलला म्हणजे झालं.

मग इंटरकूलर. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, हे आपण लहानपणी अनुभवलं आहे. हवा दाबली की तापते. टर्बोतली तापलेली हवा थंड करायला पुढच्या बंपरच्या आत रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिचं नाव इंटरकूलर. आमच्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या भागातून ये-जा केली की तिच्यावर सरकीचा पिंजर आणि धूळ यांची गोधडीच बसते. नरम ब्रश आणि हलक्या धारेचं पाणी एवढ्यावर ती साफ होते. पण त्या वेळी हे मला कुठे माहीत होतं?

आता माझी फजिती सांगतो. २०१४ च्या मे महिन्यात मी एक छोटासा पितळी व्हॉल्व्ह मागवला. टर्बोची हवा ठराविक दाबाच्या वर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाचं एक झडप असतं. दाब वाढला की ते उघडतं आणि धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. हा व्हॉल्व्ह त्या झडपेला खोटी खबर देतो, ‘अजून दाब कमी आहे’ म्हणून. झडप उशिरा उघडतं, दाब वाढतो, गाडी पळते. बसवायला पंधरा मिनिटं लागली. अजिंठ्याचा घाट त्या दिवशी गाडी अशी चढली की मी स्वतःवरच खूश झालो.

पुढच्या आठवड्यात एका लग्नासाठी जळगावहून धुळ्याला निघालो. दुपारची वेळ, एसी चालू, शेजारी पत्नी, मागे अकरा वर्षांची मुलगी. टाकीत कुठल्याशा पंपावरचं साधं पेट्रोल. पारोळ्याच्या अलीकडे, रस्ता तेव्हा दुपदरीच होता, मी एका ट्रकला मागे टाकायला गाडी बाहेर काढली आणि पॅडल खाली दाबलं. बॉनेटमधून खडे वाजवावेत तसा आवाज आला. मला तो ऐकू आला, आणि तरीही मी पाय काढला नाही. क्षणात ताकद गेली, मागे निळा धूर. समोरून दुसरा ट्रक येत होता. ज्याला मी मागे टाकत होतो त्या चालकाने करकचून ब्रेक मारून मला आत यायला जागा दिली, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. गाडी कडेला थांबल्यावर पत्नी काहीच बोलली नाही. मुलीने फक्त विचारलं, ‘‘बाबा, गाडी दमली का?’’

इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी तिसऱ्या नंबरचा पिस्टन माझ्या हातात ठेवला. त्याच्या रिंगांमधली भिंत तुटली होती. गाडीचा काहीच दोष नव्हता. चोंदलेल्या इंटरकूलरमुळे हवा तापलेली, वरून वाढवलेला दाब, कमी ऑक्टेनचं पेट्रोल. अशा वेळी उरलेलं पेट्रोल ठिणगीची ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता आतल्या आत भडकतं आणि पिस्टनवर हातोडे पडतात. हेच नॉकिंग. गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी मागे ओढून ते सांभाळायचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा असते. शिवाय मी त्याच्या नकळत दाब वाढवला होता. मिस्त्री एवढंच म्हणाले, ‘‘साहेब, आहे ती ताकद तरी पुरी मिळत होती का, ते बघितलं होतं का?’’

त्या प्रश्नाने माझी ‘ट्यूनिंग’ची व्याख्याच बदलली. इंजिन पुन्हा बांधायला चार महिने गेले. त्यानंतर कंपनीने दिलेले दीडशे घोडे पुरेपूर मिळवणं यालाच मी ट्यूनिंग म्हणतो, आणि ते बरंचसं घरी जमतं.

टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या दहा वर्षांनी उन्हाने तडकतात. दाबलेली हवा तिथून निसटते, गाडी काळा धूर सोडते, पिकअप मरतो, आणि मालकाला वाटतं टर्बो गेला. मी पंक्चरवाल्याकडचा छोटा पंप आणि पीव्हीसीचं एक टोपण वापरतो. इंजिन बंद ठेवून, अर्ध्या बारच्या आतच हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की गळती सापडली. पॅडल सोडल्यावर दाब मोकळा करणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटला आहे का, तेही असंच कळतं. मग प्लग. त्यांच्या टोकांमधलं अंतर पुस्तकात आहे तेवढंच हवं. ते वाढलं की दाबाखाली ठिणगी विझते आणि गाडी झटके देते.

टर्बोची तब्येतही बोटाने कळते. इंजिन पूर्ण थंड असताना हवेची नळी काढा आणि पंखा बोटाने फिरवा. बाजूला किंचित हलला तर चालेल, पण आत-बाहेर हलता कामा नये आणि पाती भिंतीला घासता कामा नयेत. शिवाय गाडीला जोडायचा छोटा स्कॅनर घेऊन ठेवा. आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि ठिणगी किती मागे ओढली जाते आहे, हे आकडे तो दाखवतो. ते शेजाऱ्याला बसवून वाचायला लावा, चालवताना स्वतः नाही. मे महिन्यातले आणि जानेवारीतले आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले की गाडी तुमच्याशी बोलायला लागते.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागे ऑक्टेनचा अंक लिहिलेला असतो, तो पाळा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. ते नॉकिंग रोखायला मदत करतं, पण जुन्या गाडीच्या रबरी भागांना ते मानवेलच असं नाही. म्हणून इंधनाच्या नळ्या दर सहा महिन्यांनी नजरेखालून घाला. टायमिंग बेल्ट मात्र घरी बदलायच्या भानगडीत पडू नका. दात चुकले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होऊ शकते.

तरुण मुलं विचारतात, ‘‘काका, कॉम्प्युटरमध्ये नवा मॅप टाकला तर?’’ मी त्यांना आधी टायर आणि ब्रेक दाखवायला सांगतो. टायर कोणत्या साली बनला हे त्याच्या कडेवरच चार आकड्यांत लिहिलेलं असतं. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदलायचं असतं. हे दोन्ही ज्याला सांगता येत नाही, त्याने ताकदीची गोष्ट काढू नये. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही प्रश्न विचारणारच.

अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बोची गाडी आली होती. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी टर्बोची ताकद रोखून धरी, आणि मालक गाडीलाच नावं ठेवत. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली, आणि पुढे कंपनीने कित्येकांना टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून दिला. यंत्र हुशार होतं, पण मालकाला रोजचं साधं काम नको होतं.

ती गाडी अजून माझ्याकडे आहे. मुलगी आता मोठी झाली, धुळ्याला जायचं असलं की तीच चालवते. पारोळा आलं की आम्ही दोघंही जरा गप्प होतो. घरी आल्यावर ती फाटकाशी गाडी उभी करते, पण चावी फिरवत नाही. आत मिनिटभर बसून राहते. शेजारच्या नव्या भाडेकरूंनी परवा तिला हटकलं, ‘‘ताई, फुकट पेट्रोल का जाळता?’’

तिने काय उत्तर दिलं, ते तुम्हाला सांगायला नकोच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)