जबालेचा मुलगा आणि आजचा कायदा


सत्यकामाने गोत्र विचारले, तेव्हा जबालेने ते ठाऊक नसल्याचे निःसंकोच सांगितले. आणि त्या सत्यासाठीच गौतम ऋषींनी मुलाला शिष्य केले. छांदोग्य उपनिषदातील ही कथा आपण व्याख्यानांत रंगवतो. मात्र जळगाव-धुळ्याच्या एखाद्या घरी अविवाहित कन्येला मूल झाले, पिता परदेशी असला, की दारे लागतात.

कायदा तरी जबालेच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार अशा मुलाची पहिली पालक माताच. पित्याचे नाव न सांगताही तिला पालकत्व मागता येते, तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले. मूल जळगावात राहत असेल तर अर्ज तिथल्याच न्यायालयात करायचा.

पित्याने नाकारले तर? डीएनए चाचणी न्यायालय सरसकट देत नाही. नारायण दत्त तिवारींविरुद्ध रोहित शेखरांना त्यासाठी २०१२ पर्यंत झगडावे लागले, आणि तेथे दोघेही भारतातच होते! मूल परस्पर परदेशी नेल्यास परत आणण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. म्हणून ताबा, भेटी, खर्च हे दोघांनी वकिलांसमक्ष आधीच लिहून ठेवावे. आजी-आजोबांनी मानापमान बाजूस सारून त्या बैठकीला जावे. मुलाला पित्याचे नाव कधी व कोणी सांगायचे, तेही तेथेच ठरवावे.