थळचा किनारा आणि दोन बेटे

सुट्टीचे चार दिवस हाती आले म्हणजे मुंबईकर कुटुंब अलिबागची वाट धरते. गेटवेहून बोटीने मांडव्यास उतरावे, नारळी-पोफळीच्या वाडीत मुक्काम करावा, सायंकाळी वाळूवर पाय भिजवावेत आणि ताजी मासळी खाऊन परतावे, हा क्रम आता ठरून गेला आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु अलिबागच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर थळ हे गाव आहे. शहरातील लोकांस ते बहुधा तेथील खताच्या कारखान्यामुळे ऐकून ठाऊक असते. त्या गावच्या किनाऱ्यावर न थांबता परतणे म्हणजे देवळापर्यंत जाऊन देव न पाहण्यासारखे होय.

थळच्या वाळूवर उभे राहिले की समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे ठेंगणे ते उंदेरी, आणि त्यापलीकडचे, दोन टेकड्यांचे व दीपगृहाचे, ते खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचे काम काढले आणि ते मायनाक भंडारी यांच्याकडे सोपविले. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी. तेथे मराठ्यांचे निशाण लागले म्हणजे बंदरात ये-जा करणारे प्रत्येक गलबत त्यांच्या नजरेखाली येणार, हे मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी पुरते ओळखून होते.

सप्टेंबरात इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. बळाने उतरू पाहणारा त्यांचा अधिकारी फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरात दौलतखानाचे आरमार चालून आले. ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागले. पण ‘रिव्हेंज’ या जहाजाच्या तोफांपुढे दौलतखानासही माघार घ्यावी लागली. या लढाईत जय कोणाचा झाला, याविषयी वाद घालता येईल. बेटावरचे बांधकाम मात्र थांबले नाही, याविषयी वाद नाही.

ते का थांबले नाही? याचे उत्तर समोरच्या पाण्यातच आहे. इंग्रजांच्या जड जहाजांना खोल पाणी हवे आणि वाराही हवा. मराठ्यांच्या हलक्या होड्या उथळ पाण्यातून निघत, वारा पडला तर वल्ह्यांवर चालत, आणि रात्रीच्या अंधारात पहारा चुकवून बेटावर रसद पोहोचवीत. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून जहाजे काढून घेतली. त्याच सुमारास सिद्दीने उंदेरीवर ठाणे घातले, आणि ही दोन शेजारी बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली. पुढे १८१८ मध्ये खांदेरी इंग्रजांकडे गेली आणि १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभे राहिले.

म्हणून येथे हवापालट आणि इतिहास ही दोन निराळी कामे नव्हेत. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, वारा कोणीकडचा, हे विचारल्यावाचून बेटावर पाऊल ठेवता येत नाही. आणि हे विचारणे म्हणजेच तो किल्ला कसा बांधला गेला, हे समजून घेणे. अलिबागेस कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी पायी जाता येते, आणि वेळ चुकली की तेच अंतर होडीने काटावे लागते. तीनशे वर्षांपूर्वीच्या शिबंदीसही दर्याचा हाच नियम होता.

हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ते थळचे कोळी बांधव. खांदेरी हे त्यांच्या लेखी पडके ठाणे नव्हे. तेथे त्यांचा वेताळ आहे, आणि त्याच्या दर्शनाशिवाय त्यांचे वर्ष पुरे होत नाही. दगडाने ठोकला असता भांड्यासारखा नाद देणारा तेथील खडक पाहुणे कौतुकाने वाजवितात. पण त्यांना तेथवर आणणारा नाखवा आधी देवापुढे हात जोडतो.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत खांदेरी आहे. मान मिळाला की गर्दी येते, आणि गर्दीबरोबर कचराही येतो. गर्दीसाठी सोयी करताना ज्यांच्या होड्या त्या किनाऱ्याला लागतात त्यांनाच बाजूस सारले, तर तट जतन होईल. पण तो तट उभा करणाऱ्या दर्यावर्दी विद्येचा वारसा नाहीसा होईल.

तेव्हा थळला जाणाऱ्याने हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात बेटाचा विचारही करू नये. भाड्यावरून फार घासाघीस न करता होडी ठरवावी, नाखव्याचा शब्द मानावा, आणि नेलेले सर्व सामान परत आणावे. परतताना होडी उंदेरीजवळून जाऊ लागली की एकवार मागे वळून खांदेरीकडे पाहावे. रात्री, दिवा न लावता, याच पाण्यातून कोणीतरी धान्याची पोती वाहिली होती. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. वल्हे मात्र अद्याप त्याच किनाऱ्यावरच्या हातांत आहे.