अर्ज आपला, मदत फुकट



ठिबक संच बसवायचा मनात आहे, अनुदान मिळतं हेही ठाऊक आहे. पण फॉर्म भरायचा कोणी? इथंच गाडी अडते. मग बाजाराच्या दिवशी कोणीतरी भेटतो. "दोन हजार द्या, मंजुरी आणून देतो," म्हणतो. पैसे जातात, पावती मिळत नाही, आणि चुकलेला अर्ज मात्र आपल्याच नावावर राहतो. मंजुरी विकत मिळत नसते, हे आधी ध्यानात घ्या.

अनुदान थोडंथोडकं नाही. आपल्या राज्यात दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांना ठिबकसाठी केंद्राच्या योजनेतून 55 आणि राज्याच्या योजनेतून 25 असे 80 टक्के, तर इतरांना 75 टक्के अनुदान आहे. ते दुकानदाराच्या बिलावर नव्हे, शासनानं ठरवलेल्या खर्चावर धरतात.

आता मदत कुठं मिळेल? पहिला माणूस गावचा कृषी सहायक. 2025 पासून त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात. योजना समजावणं, कागद पाहणं हे त्यांचं कामच आहे. त्याचे पैसे नाहीत. ते भेटले नाहीत तर तालुका कृषी अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा. घरबसल्या विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. घरात शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांनाच बसवा. सेवा केंद्रात गेलात तर आधी दर विचारा आणि पावती घ्या.

जाण्यापूर्वी एवढं करा :

1. एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. नसेल तर तो आधी काढा.

2. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावं वाचा. एकीकडे 'विठोबा' आणि दुसरीकडे 'विठ्ठल' असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या.

3. विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर आहे का पाहा. नसेल तर तलाठ्यांना भेटा.

4. बँक खातं आधारला जोडलेलं हवं. पैसे त्यातच येतात.

5. मोबाइलवर येणारा ओटीपी स्वतः टाका. दुसऱ्याच्या हाती फोन देऊन चहाला जाऊ नका.

अर्ज झाला की त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. 2025 पासून सोडत बंद होऊन, आधी येणाऱ्या अर्जाला आधी संधी मिळते. म्हणून कागदांसाठी पेरणी उरकण्याची वाट पाहू नका.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय संच खरेदी करू नका. आधी घेतलेल्या संचाचं बिल कितीही खरं असलं तरी अनुदान हातचं जातं. विक्रेता घाई करील. तुम्ही करू नका.

विचारायला लाजू नका. ही मदत तुमच्या हक्काची आहे.