पेठेतले जुने घर

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने प्रथम म्हटले, त्याच्यासमोर रिकामी जमीन असावी. दुसऱ्याने बांधलेले आणि दुसऱ्याच्या तीन पिढ्यांनी वापरलेले घर विकत घेणाऱ्याचा खटाटोप त्या म्हणीत मावत नाही. डिचोलीसारख्या जुन्या गावात तर हा खटाटोप घर बांधण्याहूनही लांबतो. त्याचा थोडा भाग भिंती आणि कौले यांच्याशी निगडित असतो. पुष्कळसा भाग माणसांशी असतो.

डिचोली हे गोव्याच्या उत्तरेकडील तालुक्याचे मुख्य ठिकाण. पणजीहून ते सुमारे तीस किलोमीटरांवर आहे. सुंदरपेठ, आंतील पेठ, भायली पेठ, बंदरवाडा, गावकरवाडा ही येथील वाड्यांची नावेच गावाची घडण सांगतात. नदीच्या काठी बंदर, बंदराला लागून पेठ आणि पेठेच्या आधाराने वस्ती. बुधवारचा आठवड्याचा बाजार, शाळा, देऊळ, दवाखाना आणि बसस्थानक ज्याच्या दारापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, त्याला दोन खोल्यांचे घरही मोठे वाटते. म्हणूनच गावाबाहेर प्रशस्त भूखंड मिळत असताना एखादे मध्यमवर्गीय कुटुंब पेठेतले लहान, जुने घर शोधीत फिरते. वृद्ध आईवडील आणि शाळेत जाणारी मुले घरात असली, म्हणजे या निवडीतला शहाणपणा वेगळा सांगावा लागत नाही.

घराची पाहणी ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. जुनी घरे बहुधा चिऱ्याची असतात. चिरे मातीत किंवा चुन्यात बसविलेले असतात आणि वर मंगळुरी कौले असतात. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला. त्यानंतर ही कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. चिऱ्याची भिंत शंभर वर्षे सहज टिकते, परंतु ती आतली ओल बाहेर टाकू शकली तरच. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढविलेला दिसला, तर खरेदीदाराने आनंदित होण्याऐवजी सावध व्हावे. कारण तो गिलावा ओल आतच कोंडून ठेवतो. वाशांची भिंतीत रुतलेली टोके, आढे आणि तुळया वाळवीसाठी ठोकून पाहाव्यात. शक्य असल्यास घर वैशाखात पाहून आषाढात पुन्हा पाहावे. मुसळधार पावसात नदीचे पाणी बाजारातील सखल भागात शिरणे डिचोलीला नवीन नाही. शेजारच्या वृद्ध गृहस्थाला पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते हे विचारले, तर तो बोटाने खूण दाखवितो. ती खूण कोणत्याही दस्तात सापडत नाही.

येथपर्यंतचे काम गवंडी आणि सुतार यांच्या मदतीने होते. खरी परीक्षा पुढे आहे, आणि तिचे मूळ गोव्याच्या कायद्यात आहे.

पोर्तुगालने १८६७ साली केलेली नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही तिचे कुटुंबविषयक आणि वारसाविषयक नियम चालू राहिले. त्यांपैकी वारसाहक्काच्या नियमांची जागा पुढे गोवा विधानसभेने २०१२ साली संमत केलेल्या आणि २०१६ साली अंमलात आलेल्या स्वतंत्र अधिनियमाने घेतली. मूळ तत्त्वे मात्र बहुतांशी तीच राहिली. त्यांतील तीन तत्त्वे घर घेणाऱ्याने पाठच केली पाहिजेत. पहिले, मुलगा आणि मुलगी यांचा वारसा समान आहे. दुसरे, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर पतिपत्नींची सारी मालमत्ता, वारशाने आलेलीसुद्धा, दोघांची समाईक होते. म्हणून एकाच्या सहीने घर विकता येत नाही. तिसरे, मुलेबाळे असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेपैकी निम्मा भागच स्वेच्छेने कोणालाही देता येतो. उरलेला निम्मा मुलांसाठी राखलेला असतो.

या तत्त्वांचा अर्थ एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, आंतील पेठेतील एका घराचे मालक आणि त्यांची पत्नी दोघेही निवर्तली. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा त्याच घरात राहतो, घरपट्टी भरतो, कौले परततो आणि घर विकण्याची बोलणीही तोच करतो. धाकटा नोकरीनिमित्त परदेशी आहे. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि तिकडेच वारली. तिच्यामागे तिचा पती आणि दोन विवाहित मुलगे आहेत. आता सह्या मोजू. थोरला आणि त्याची पत्नी, धाकटा आणि त्याची पत्नी, मुलीचा पती, तिचे दोन मुलगे आणि त्या दोघांच्या पत्नी. एकूण नऊ सह्या. घर दोन खोल्यांचे आणि विकणारी माणसे नऊ! खरेदीदाराशी बोललेला मात्र त्यांपैकी एकच असतो.

वाटणी होण्यापूर्वी कोणताही एक वारस घराचा अमुक भाग आपला म्हणून विकू शकत नाही. म्हणून वारस कोण आणि कोणाच्या वाट्याला काय आले हे आधी ठरावे लागते. वारसांत एकमत असेल, तर नोटरीसमोरच्या वारसदाखल्याने आणि सर्वांच्या सह्यांनी मार्ग निघू शकतो. मतभेद असेल, तर न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ची कारवाई करावी लागते, आणि ती कधी कधी वर्षे घेते. परदेशी असलेल्या वारसाचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीमार्फत मागवावे लागते. हे सर्व होईपर्यंत मोठी रक्कम आगाऊ देणारा मनुष्य स्वतःच्या पैशावर स्वतःच टांगून राहतो. विसार लहान ठेवावा, त्याचा लेखी करार करावा आणि सर्व वारसांच्या सह्यांची अट त्या करारातच घालावी.

कागदांच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. नगरपालिकेची घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. पट्टी कोण भरतो एवढेच ती सांगते. भूमापनाच्या नोंदीतील नाव हा पुरावा असला तरी तो अखेरचा पुरावा नव्हे. त्याच्या विरुद्ध सिद्ध करता येते. जुन्या भूमिनोंदणी कार्यालयातील नोंद, मूळ खरेदीचा दस्त, त्यानंतरची प्रत्येक वाटणी आणि प्रत्येक मृत्यूनंतरचा वारसा अशी अखंड साखळी जुळली पाहिजे. जुने दस्त पोर्तुगीज भाषेत आहेत. ते वाचता येत नाहीत म्हणून सोडून देणे फार महाग पडते. त्यांचा तरजुमा जाणत्याकडून करवून घ्यावा आणि नक्कल मूळ नोंदवहीशी ताडून पाहावी. हा सल्ला अतिसावधपणाचा नाही. बनावट जुन्या दस्तांच्या आधारे दुसऱ्यांच्या जमिनी बळकावल्याची प्रकरणे इतकी उघडकीस आली, की २०२२ साली गोवा सरकारला त्यांच्या तपासासाठी पोलिसांचे खास पथक आणि पुढे निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमावा लागला. मालक परगावी आणि घर बंद, अशी मालमत्ता या भामट्यांना विशेष सोयीची असते.

आणखी एक प्रश्न घराच्या मागील दारी विचारावा लागतो. परसात एखादी झोपडीवजा खोली असेल आणि तेथे एखादे कुटुंब पिढ्यानुपिढ्या राहत असेल, तर ते मुंडकार असू शकते. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यापासून संरक्षण दिले आहे, तसेच राहते घर विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. घर विकले गेले तरी मुंडकाराचा हक्क विकला जात नाही. भाटकाराने ‘ते उद्या जातील’ असे सांगितले, तर तो भरवसा दामाच्या मोलाचा नाही.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, हा कायदा म्हणजे घर घेणाऱ्याच्या वाटेतील धोंडच! दलाल तर तसे म्हणतातच. ‘बहीण लग्न होऊन गेली, तिला काय विचारायचे’ हे वाक्य व्यवहाराच्या बैठकीत अनेकदा अगदी सहज उच्चारले जाते. परंतु नऊ सह्यांपैकी ज्या सह्या सर्वांत गैरसोयीच्या वाटतात, त्या बहुधा याच बहिणीच्या बाजूच्या असतात. गोव्यातील हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान कन्येला हा समान वाटा दीडशे वर्षांपासून कायद्याने दिला आहे. भारतात इतरत्र हिंदू कन्येला वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी देशव्यापी तरतूद २००५ साली झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे या सहीचे मोल कळते. तिला वगळून घेतलेले घर स्वस्त पडते खरे, पण त्या स्वस्ताईची रक्कम तिच्या पदरातून आलेली असते. आणि पुढे तिच्या मुलांनी दावा लावला, तर ती रक्कम व्याजासह परत करण्याची पाळी नव्या मालकावरच येते.

तेव्हा पेठेतले घर घेऊ इच्छिणाऱ्याने पहिल्या भेटीतच किंमत विचारू नये. घराच्या मूळ मालकापासून आजपर्यंतची वंशावळ कागदावर लिहून घ्यावी, तीत सुना आणि जावई यांचीही नावे घालावीत, आणि बैठकीला न आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचा पत्ता लिहावा. त्या कागदावर एकही जागा रिकामी राहिली नाही, म्हणजे मग गवंड्याला बोलवावे, किंमत ठरवावी आणि डिचोलीच्या उपनिबंधकाच्या कार्यालयाची पायरी चढावी. उशीर लागेल. परंतु ज्या घराच्या विक्रीला सासरी गेलेल्या लेकीनेही मनापासून होकार दिला आहे, त्या घरात नवे कुटुंब निर्धास्तपणे दिवा लावू शकते.